पंपाची खोली मायाला

मी, आबेदा चांदसाहेब शिकलगार, वय ६८, धंदा डिझेल पंप दुरुस्ती, राहणार आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, अल्लाहला हजर जाणून आणि डोके ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र लिहिते. मला मोठा आजार नाही. गुडघे दुखतात, पण हे लिहायला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला काही जण येऊन गेले, त्यांची नावे पुढे येतील. कायद्याची भाषा वकीलसाहेबांनी तपासली आहे. त्यांनी माझी जी वाक्ये गैरलागू म्हणून खोडली, ती मी पुन्हा लिहिली आहेत.

कलम १. माझे पती चांदसाहेब वारले त्याला तेरा वर्षे होत आली. मला दोन मुले. तारिक पुण्याला कंपनीत नोकरीला आहे आणि अरिबा कराडला दिली आहे. आमच्या शरीयतीप्रमाणे माणसाला आपल्या मिळकतीचा एक तृतीयांशच वारसांखेरीज दुसऱ्या कोणाला देता येतो. बाकीचे वारसांकडे आपल्या हक्काने जाते. म्हणून हे मृत्युपत्र मुख्यत्वे त्या तिसऱ्या हिश्शाचे आहे. वकीलसाहेबांनी मोजदाद केली आहे. पुढे जे मी देते आहे ते त्यात बसते.

कलम २. राहते घर, बँकेतील शिल्लक आणि माझे दागिने तारिक व अरिबा यांना जातील. शरीयतीत मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. तारिकने मला स्वयंपाकघरात उभे राहून सांगितले आहे, "अम्मी, घरात आमी दोघं सारखंच घेऊ." मी ते लेखी मागितले नाही. इथे लिहून ठेवले आहे, एवढेच.

कलम ३. सांगली रस्त्याला माझे वर्कशॉपचे शेड आहे आणि त्याला लागून पंपाची खोली आहे. ही जागा पतीने हयातीत हिबा करून, म्हणजे बक्षीस म्हणून, माझ्या नावे केली. तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. माझे दीर यासीन यांनी हे वाक्य कृपया दोनदा वाचावे.

ही जागा माझ्याकडे कशी आली ते सांगते. चांदसाहेब इंजिने उघडत, पण पंपाचे काम त्यांच्या स्वभावाला जमत नसे. डिझेल पंप म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला मोजून डिझेल देणारे यंत्र. तो दुरुस्त करून मशीनवर चढवायचा, फिरवायचा आणि काचेच्या नळ्यांत उतरणारे डिझेल सगळीकडे सारखे आहे का ते बघत बसायचे. ते उभ्याने काम करणारे, मी बसून. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी मला मशीनसमोर स्टूल दिले आणि म्हणाले, "तू बस. मी बसलो की मला झोप येते." तेव्हापासून मी बसले.

जुन्या पिकअपची ताकद वाढवून द्या म्हणून लोक पहिल्यापासून येत. चांदसाहेब सगळ्यांना एकच सांगत, "ताकद डिझेलात नसती, हवेत असती. आधी हवा वाढव, मग डिझेल." यासीनभाईंचे वर्कशॉप पलीकडच्या चौकात. त्यांची रीत सोपी होती. पंपाचा स्क्रू फिरवायचा, डिझेल वाढवायचे, गाडी काळा धूर सोडत निघाली की गिऱ्हाईक खूश. सपाटीला अशी गाडी जोरात वाटते. घाटात न जळालेले डिझेल आणि उष्णता इंजिनाला खाते.

पती गेल्यावर यासीनभाई चावी मागायला आले. "भाभी, बाईमाणसाकडं पंप घेऊन कोण येणार? जागा माझ्याकडं द्या, तुमचं मी बघतो." मी इद्दतीत, म्हणजे विधवेने पाळायच्या चार महिने दहा दिवसांच्या मुदतीत होते, घराबाहेर पडत नव्हते. मी आतूनच सांगितले की चावी हरवली आहे. चावी माझ्या उशीखाली होती.

कलम ४. आता सुलाबाईंबद्दल. हे कलम वकीलसाहेबांना अनावश्यक वाटले होते.

सुलाबाई आणि त्यांचे मालक अर्जुना हे आटपाडीकडचे मेंढपाळ. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या आधी परत वर यायचे. कळप चालत येतो. नुकती जन्मलेली कोकरे, लंगड्या मेंढ्या आणि बिऱ्हाड जुन्या पिकअपमध्ये. चांदसाहेब गेले त्या साली त्यांनी पिकअप यासीनभाईंकडून "जोरात" करून घेतली होती. परतताना चिपळूणकडून कोयनानगरचा घाट चढताना गाडीने काळा धूर ओकला, मग पांढरा, आणि एका वळणावर बंद पडली. पिस्टनचे डोके वितळले होते. भर उन्हात कोकरे रस्त्यावर उतरवावी लागली. त्यातली काही दगावली. सुलाबाईंनी ती कड्याच्या कडेला दगडाखाली पुरली.

माझी इद्दत संपली त्याच आठवड्यात त्या माझ्या दारात आल्या. गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली होती. मी म्हटले, "वर्कशॉप बंद आहे. मालक गेले."

त्या म्हणाल्या, "ठावं हाय. पर पंपावर तर तुमीच बसत व्हता न्हवं? आमी बघितलंय. मला घाट चढायचाय, भाभी. पुन्यांदा कोकरं न्हाई पुरायची मला."

मी उशीखालची चावी काढली.

चांदसाहेबांच्या हाताखालचे ज्ञानू मिस्त्री यांना बोलावले. त्यांनी इंजिन उघडले, पिस्टन बदलले. पंप मी घेतला. पण नुसते दुरुस्त करून भागणार नव्हते, ते इंजिन त्या ओझ्याला मुळातच अपुरे होते. मग आम्ही चांदसाहेबांचे ऐकले. त्याच इंजिनाच्या पुढच्या मॉडेलला टर्बो यायचा. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. तो जुन्या बाजारातून आणला, त्याला तेलाची स्वतंत्र नळी दिली. हवा गार करायला पुढे जाळी बसवली. एअर फिल्टर मोठा, सायलेन्सरचा पाइप रुंद. आणि हे सगळे झाल्यावर, शेवटी, पंपात डिझेल थोडे वाढवले. धूर दिसायला लागेल त्याच्या अलीकडे थांबले आणि स्क्रूला तार ओवून शिशाचे सील ठोकले. अख्खा पावसाळा गेला. सरकारी कागदांवर बदलाची नोंद करून घेतली आणि धूर तपासणीत गाडी पहिल्याच वेळी पास झाली.

पुढच्या वैशाखात सुलाबाईंचा कोकणातून फोन आला. "भाभी, उद्या परवा निगतोय. तुमी बी या. घाटात तुमी शेजारी पायजे." मी आयुष्यात एकटी कराडच्या पुढे गेले नव्हते. एसटीने चिपळूणला गेले.

अर्जुना चालवत होते, सुलाबाई मध्ये, मी खिडकीशी. मागे कोकरांचा नुसता गलका. सायलेन्सरच्या तोंडाशी आम्ही उष्णता मोजायचा काटा बसवला होता, मी फक्त त्याच्याकडे बघत होते. कोकरे पुरली ते वळण आले तशा सुलाबाई कड्याच्या कडेला बघू लागल्या. चढ उभा होता. अर्जुनांचा हात गिअरकडे गेला.

"आनू का पयल्यात?"

"दुसऱ्यातच राहू दे," मी म्हटले. "काटा खाली आहे."

"नक्की न्हवं?"

"खाली आहे म्हणते ना मी."

गाडीने वळण दुसऱ्या गिअरमध्ये काढले. मी पंपासमोर इतकी वर्षे बसले, पण मी मोजलेले डिझेल डोंगर कसा चढते ते मला कधी कळले नव्हते. ते पायाखालून कळते. कोयनानगरला अर्जुनांनी गाडी चहाला उभी केली. सुलाबाई उतरून मागे गेल्या, इंजिन चालूच होते, आणि त्यांनी आपल्या लुगड्याचा पदर सायलेन्सरसमोर धरला.

"बघा, काळा न्हाई झाला."

अर्जुना म्हणाले, "आनि झाला असता मंजे?"

"मंजे भाभीनं नवं घेऊन दिलं असतं."

मी हसले. पती गेल्यानंतरचे ते माझे पहिले हसणे, हे दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले.

कलम ५. त्यानंतर आटपाडीकडची माणसे माझ्याकडे येऊ लागली. मेंढरांवाले, डाळिंबवाले. यासीनभाई बाजारात सांगत फिरले, "भाभीच्या गाडीला धूर न्हाई, मंजे जोर न्हाई." गाड्या घाट चढत होत्या. पुढे त्यांनी जागेवर हक्क सांगणारा अर्ज केला, तो हिब्याच्या कागदापुढे टिकला नाही. मला त्याचा राग होता आणि तो पुष्कळ वर्षे चांगला टिकला.

मग एकदा एक अनोळखी माणूस पंप घेऊन आला. पंपावर यासीनभाईंच्या वर्कशॉपचा हिरवा रंग होता, घासून काढायचा प्रयत्न केलेला. त्यांच्या स्वतःच्या गाडीचा पंप होता तो. मी तो नीट करून दिला आणि नेहमीचाच दर घेतला. पुढच्या ईदला त्यांनी शीरखुर्म्याचा डबा पाठवला. पूर्वी कधी आला नव्हता. तेव्हापासून दरवर्षी येतो. राग त्या डब्याबरोबर कमी होत गेला.

यासीनभाईंना माझ्या पतीचा टॉर्कचा पाना द्यावा. त्यांनी तो भावाच्या हयातीपासून मागितला आहे. नट योग्य जागी आला की तो पाना टक् असा आवाज करतो. कुठे थांबायचे ते त्यांनी पान्याचे ऐकावे.

कलम ६. वर्कशॉपचे शेड, पंपाची खोली, पंप तपासायचे मशीन आणि सगळी हत्यारे मी माया यांना देते. माया ही सुलाबाईंची लेक. तिने सांगलीला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा कोर्स केला, आष्ट्यात संसार थाटला आणि गेली दहा वर्षे ती मशीनसमोर माझ्या शेजारी बसते आहे. हल्ली मी तिच्या शेजारी बसते.

तारिकला हे आधी पटले नव्हते. "अम्मी, जागा रस्त्याला लागून हाय. गाळे निघतील. परक्याच्या घरात कशाला घालतीस?"

मी वाद घातला नाही. गेल्या ईदला तो आला होता तेव्हा त्याला म्हटले, एक दिवस वर्कशॉपला चल, चहा तिथेच घेऊ. तो आला, खुर्ची टाकून बसला. आटपाडीचे आप्पासो त्यांची पिकअप घेऊन आले होते. गाडी ओढत नव्हती.

"मायाताई, जरा डिझेल वाडवा," ते म्हणाले.

"आधी बघू द्या."

"बघायचं काय त्यात? स्क्रू फिरवा, लय झालं."

मायाने स्क्रूला हात लावला नाही. ज्ञानू मिस्त्रींना गाडी रेस करायला लावली आणि हवेच्या नळीवर हात ठेवून उभी राहिली. नळी बाहेरून चांगली होती. आतला थर सुटला होता आणि इंजिनाने जोरात हवा ओढली की तो आत चिकटून वाट बंद करत होता. तिने नळी बदलली. आप्पासो पोती भरलेली गाडी फिरवून आले.

"एवडंच व्हतं?" ते नाराजच दिसले.

"एवढंच. धूर मंजे वाया गेलेलं डिझेल, आप्पासो. ताकद हवेत असती."

तारिकने चहाचा कप खाली ठेवला. मला म्हणाला, "अब्बा असंच म्हणायचे."

"हो."

"हिनं तर अब्बांना बघितलं बी न्हाई."

"मी सांगितलं तिला."

तो उठून मायाकडे गेला आणि काढलेली नळी हातात घेऊन बराच वेळ आत बघत राहिला. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाला, "तिलाच दे." मी रात्री त्याच्या आवडीची बिर्याणी केली.

मायाने शेडवरची पाटी बदलायची असेल तर बदलावी. माझे नाव राहिलेच पाहिजे असे नाही.

कलम ७. ज्या पिकअपची हकिगत वर आली ती आता माझ्या नावावर आहे. अर्जुनांनी नवी गाडी घेतली तेव्हा ही भंगारात चालली होती. सुलाबाईंनी अडवली आणि मी घेतली. अर्जुनांनीच मला चालवायला शिकवले. साठी उलटल्यावर मी परवाना काढला. आता दर शनिवारी हत्यारे घालून आटपाडीच्या बाजाराला जाते, तिथेच गाड्या बघते.

ही पिकअप सुलाबाईंना द्यावी. अट एकच. पंपाचे सील फक्त मायाने तोडावे. तारिकने किंवा त्याच्या कोणा मित्राने इंटरनेटवर बघून तिच्यात काही बसवू नये.

कलम ८. माझा जनाजा खांद्यावरून न्यावा, गाडीतून नको, कितीही चांगली ओढत असली तरी. सुलाबाईंनी मला विचारले आहे, "आमी कुटं बसायचं तवा?" त्यांना घरात अरिबाच्या शेजारी बसवावे. त्या सकाळपासून काही खाऊन आलेल्या नसतील, म्हणून चहा आधी त्यांना द्यावा.

कलम ९. ज्ञानू मिस्त्रींना या मृत्युपत्राने काही दिलेले नाही, कारण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराने काही घेऊ नये असे वकीलसाहेबांचे मत आहे. त्यांना वर्कशॉपचा रेडिओ हवा होता. तो मी मागच्या महिन्यातच देऊन टाकला. वर्कशॉपमध्ये त्यामुळे शांतता आहे.

माझ्या मनात कोणाबद्दल काही राहिलेले नाही. जे होते ते वर लिहिले आहे.

लिहून देणार: आबेदा चांदसाहेब शिकलगार (सही)

वारसांची संमती: वरील मजकूर आम्ही वाचला. आमची काही तक्रार नाही. अम्मीने गाडी चालवणे कधी थांबवायचे याचेही एक कलम असावे, अशी आमची विनंती होती. ती तिने मान्य केली नाही.
तारिक चांदसाहेब शिकलगार (सही)
अरिबा, कराड (सही)

साक्षीदार: आबेदाभाभींनी हा कागद आम्हां दोघांना स्वतः वाचून दाखवला आणि आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या. त्यांच्या प्रकृतीबद्दल विचारणा झाल्यास आमचे म्हणणे असे, की सह्या झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला, गाडीच्या चाकांची हवा स्वतः बघितली आणि बाजाराला उशीर होतो आहे म्हणून आम्हाला चहा न देता आटपाडीकडे निघून गेल्या.

१. ज्ञानू बाळू लोहार, मिस्त्री, आष्टा (सही)
२. अंजना शिवाजी माने, निवृत्त शिक्षिका, शेजारी, आष्टा (सही)

ठिकाण: आष्टा
तारीख: १० जानेवारी २०२६, शनिवार