कोकिळेचं दुखणं

११ जानेवारी १९५४

कोकिळेला काहीतरी झालं आहे! माझा दाढीचा वस्तरा ज्वारीच्या डब्यात लपवते. विहिरीचा दोर शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवते. मी वर्गात शिकवत असलो की खिडकीतून डोकावून जाते — पोरं फिदीफिदी हसतात. मास्तरचीच बायको अशी वागू लागली तर गावानं बघावं कुणाकडे?

शिवाय दिवसातून दहा वेळा, "जेवा न. दोन घास तरी जेवा." मी जेवत नाही यात विशेष काय? उपवासाला आजार म्हणायचं ठरलं तर आपला निम्मा वर्धा जिल्हा दवाखान्यात भरती होईल.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ मातीसारखा लागला. टकळी घेऊन सूत काढायला बसलो — आणि नुसताच बसून राहिलो. कारण काही नाही. कारण नाही म्हणून कुणाला सांगताही येत नाही.

१७ जानेवारी

कोकिळेला वर्ध्याला वासुदेवरावांकडे नेलं. खादी भांडारात बसतात आणि फावल्या वेळात निसर्गोपचार करतात. त्यांच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध, पोटावर ओल्या मातीची पट्टी. डोकं दुखतं? पोटावर माती. मुलीचं लग्न जमत नाही? पोटावर माती! एवढ्या थंडीत बिचारी दात वाजवत पडून राहिली. "वाईट विचार आतड्यांतूनच येतात," वासुदेवराव म्हणाले.

"मंग यायच्याबी पोटावर ठेवा न," कोकिळा म्हणाली.

मला कशाला? मी ठणठणीत आहे.

२० जानेवारी

शाळा सुटल्यावर विहिरीच्या काठावर तासभर उभा होतो. पाणी किती खोल आहे ते बघत. वळलो तर मागे कोकिळा! हात धरला तो घरापर्यंत सोडलाच नाही, भर रस्त्यातून. दुखणं वाढत चाललं आहे तिचं.

२२ जानेवारी

देवकाआत्या आली. "तिले बाहेरचं लागलं," असा निकाल देऊन तिनं तानबा भगताला बोलावलं. त्यानं कोकिळेवरून लिंबू उतरवलं, राख फासली, दोनदा ओरडला. तो गेल्यावर कोकिळा तोंड धूत म्हणाली, "झालं तुमचं समाधान?"

२५ जानेवारी

सरकारी दवाखान्यातल्या नर्स रुख्माबाई घरी आल्या. बाई शहाणी, पण रोगी कोण तेच तिला कळत नाही! कोकिळेला सोडून मलाच विचारत बसली — झोप लागते का? पोरांमध्ये मन रमते का? मरावंसं वाटते का? मी म्हटलं, हिचं बघा. तर म्हणते, "अंगाले ताप येते तसं मनबी आजारी पडते, मास्तर. त्यात लाज कायची? नागपूरले त्याचा डॉक्टर हाय."

म्हणजे पागलखाना! लोक काय म्हणतील?

कोकिळा मात्र लगेच तयार. "मी जातो. पन एकटी नाई जात. तुमी संगं चाला." बायकोसाठी माणसाला काय काय करावं लागतं!

२८ जानेवारी

पॅसेंजरनं नागपूर गाठलं. डॉक्टरांनी रोग्याचं नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत कोकिळेनं माझं नाव सांगितलं.

"सोतासाठी तुमी कधीच आले नसते," ती म्हणाली. "म्हून मीच आजारी झालो."

डॉक्टरांसमोर ढसाढसा रडलो. पुढच्या गुरुवारी परत बोलावलं आहे. मला.