उघड्या डोक्याचा दिनार

प्रिय नुमेरियस,

प्रेनेस्तेच्या डोंगरावर आजी नावाची एक म्हातारी राहते, आठवतं का रे? नसेल तर वाचता वाचता आठवेल. मला अक्षर येत नाही, म्हणून शेजारचा फाउस्टस मेणावर लिहितोय. माझी एकही शिवी गाळायची नाही, असं त्याला बजावलंय.

रोमच्या टांकसाळीतून तू पाठवलेला दिनार पोचला. तुझ्या हातचा पहिला ठसा! आजोबांनी अंथरूण धरलेलं, तरी म्हणाले, "आण गं इकडे, पोराचं काम बघू." डोळे गेलेले, म्हणून अंगठ्याने चाचपलं. एका बाजूला जूनोमाता. तिच्या गालावरून अंगठा फिरवून हसले. मग नाणं उलटलं. वेदीवर मद्य ओतणारा माणूस, आणि डोकं बोडकं! शी! अंगठा तिथेच थांबला. "याच्या डोक्यावर वस्त्र नाही का गं?" मी म्हटलं, "झिजलं असेल." कोऱ्या नाण्यावर!

टांकसाळीच्या धन्याला म्हणे आपल्या पणजोबाचे कुरळे केस मिरवायचे होते. मिरव की बाजारात! देवापुढे डोक्यावर वस्त्र ओढायचं, अपशकुन नजरेला पडू नये म्हणून, हे तुला चालता येण्याआधी शिकवलं. आजोबांच्या वस्त्राचं टोक ओढून तूही आपलं डोकं झाकायचास. आणि आता तोच हात हे बोडकं ध्यान चांदीत कोरतो! गावात आलेली तसली नाणी कुणी देवाला वाहत नाही. मासळीवाली घेते, तीही नाक मुरडून. मला तर शिवल्यावर हात धुवावेसे वाटतात. फाउस्टस म्हणतो, "धन्याचा हुकूम, पोरगा काय करणार?" अरे, आजारी पडायचं! गुरुजींना टाळायला बरं पोटात दुखायचं तुझ्या.

आता खरं सांगते. परवा पहाटे आजोबा गेले. मेलेल्यांना नदीपार नेणाऱ्या नावाड्यासाठी त्यांच्या तोंडात ठेवायला मी जुनं, सोज्वळ नाणं काढून ठेवलं होतं. पण त्यांनी आधीच हट्ट धरलेला, "पोराचंच ठेव." ते ध्यान तोंडात घेऊन त्यांना देवांसमोर कसं पाठवू? शेवटी माझ्याच डोक्यावरच्या वस्त्राची किनार फाडली, दिनार तिच्यात गुंडाळला, त्या बोडक्याचं डोकं झाकलं आणि मग ठेवला. नवव्या दिवशी थडग्यापाशी जेवण आहे. धन्याला सांग, पोटात दुखतंय. आणि ये, डोकं झाकून. मसूर आणि मीठ मात्र आधी पाठवून दे. अंडी नकोत, ती माझ्या कोंबड्या देतील.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
आजी