चिझुरूच्या परीक्षेसाठी मी पाव सोडला

५ जानेवारी
विद्येचा देव तेन्जिन, त्याच्या देवळात नवस बोलले. चिझुरू नर्सिंगची परीक्षा पास होईपर्यंत पाव तोंडात घालणार नाही. आवडीचीच वस्तू सोडावी लागते, नावडती सोडून देव फसत नाही. मागच्या वर्षी ती चार गुणांनी राहिली. माझा नवस ऐकून पोरीचे डोळे भरून आले. हे एवढंच म्हणाले, की साके सोडायला मला सांगू नकोस.

११ जानेवारी
सहा दिवस झाले. काही कठीण नाही. बाजारातून येताना ओकुमुराबाईंची बेकरी लागते. दुसरा रस्ता चार मिनिटं लांबचा. उगाच चपला झिजवायच्या कशाला? वास घेतल्याने नवस मोडत नाही.

१४ जानेवारी
सासूबाईंची तिथी. त्यांना मेलन पाव फार आवडायचा, हे आज एकाएकी आठवलं. ह्यांचं म्हणणं, आई पावाला शिवतही नसे. मुलग्यांना आईचं काय माहीत असतं! फोटोपुढे ठेवला, उदबत्ती लावली, घंटा वाजवली. नैवेद्य उतरवल्यावर टाकायचा नसतो. वरची साखर कुरकुरीत, आत मऊ लुसलुशीत. प्रसाद हा. पाव नव्हे.

२२ जानेवारी
एकट्या सासूबाईंचंच करायचं हे बरं दिसेना. सासरे आहेत, आजेसासरे आहेत. शिवाय ह्यांची एक आत्या होती. तिचं कुणीच काही करत नाही. खर्च देवधर्माच्या खाती.

२९ जानेवारी
आन्पानमध्ये लाल चवळीचं पुरण असतं. म्हणजे ते मुळात मांजूच, आपली वाफवलेली गोड मिठाई, पाव नावापुरता. खात्रीसाठी ओकुमुराबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अहो काकू, गेली तीस वर्षं मी पावच विकतेय, पण तुमच्यापुरतं मांजू म्हणू या. समजूतदार बाई.

१० फेब्रुवारी
करी पाव तेलात तळतात. तळलेलं ते भजं. घरी नेईपर्यंत गार झाला असता, म्हणून आत्याबाईंचं नाव बेकरीच्या दारातच घेतलं.

१६ फेब्रुवारी
परीक्षा. निघताना चिझुरू म्हणाली, आई, तू पाव सोडलायस हे आठवलं की अभ्यासात माझा डोळाच लागायचा नाही. मला भडभडून आलं. हुंदका आवरायला तोंडात काहीतरी हवंच होतं. दूधपावाच्या तीन जाड चकत्या. लोणी लावलं नाही.

२ मार्च
वजन अडीच किलो वाढलं. उपासाने अंगाला सूज येते म्हणतात.

२४ मार्च
निकाल. दोन गुणांनी राहिली. मागच्यापेक्षा प्रगती आहे. देवळात जायचं होतं, पण वारा फार होता.

संध्याकाळी चिझुरू बेकरीची पिशवी घेऊन आली. माझ्यापुढे गुडघे टेकून बसली. म्हणाली, माझ्यापायी तू अडीच महिने मन मारलंस आणि मी तुझा नवस वाया घालवला, आता तरी खा. रडू आवरेना तिला. मी म्हटलं, ते सगळं राहू दे, आधी पिशवी सरळ धर. करी पाव खाली गेला की मेलन पावाला तेल लागतं.

पिशवीच्या तोंडाची घडी अजून उघडलीच नव्हती.

चिझुरूचं रडणं थांबलं. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, पण ते हलत होतं.

पुढच्या वर्षी नवस बोलू नकोस, असं तिने अगदी नम्रपणे सांगितलं. म्हणाली, एकदा नुसत्या अभ्यासावर परीक्षेला बसून बघते.