कोपरा फाटलेलं कार्ड

नाशिक, ७ नोव्हेंबर १९८१

चि. भिमाजीस अक्काचा सप्रेम जय भीम,

तू मुंबईच्या गाडीत असतानाच हे टाकते, म्हणजे मद्रासला वेळेवर मिळेल. सातपूरच्या कारखान्यात एवढे फिटर असून मशीन बसवायला विमानाने तुलाच पाठवलं, म्हणून आई साहेबांच्या नावाने बोटं मोडते आहे. पत्ता घालून दिलेली दहा कार्डं वरच्या खिशात ठेव, तुझा आळस मला ठाऊक आहे. उतरल्या उतरल्या एक टाक. आईला वाचता येत नाही, पण कार्ड हातात पडल्याशिवाय ती धड जेवायची नाही.

लोभ आहेच, पोचल्याची खबर देऊन वाढव.
यशोदा

मद्रास, १० नोव्हेंबर

ती. आईस व अक्कास जय भीम,

मी जिवंत आहे. वादळी वाऱ्यात विमान उतरताना आपटलं. उजवा हात मोडला, हे डाव्याने लिहितोय. काळजी नको.
भिमा

नाशिक, १४ नोव्हेंबर

चि. भिमाजीस जय भीम,

मेल्या, कार्डाचा कोपरा का फाडलास? मयताच्या खबरीचा कोपरा फाडतात, हे काय तुला माहीत नाही? रेडिओवर अपघाताचं ऐकल्यापासून घरात चूल पेटली नव्हती. कारखान्यातून ट्रंककॉल लागेना. काल सकाळी कार्ड आलं. आईने कोपरा पाहिला आणि मी शाळेतून येईपर्यंत ते पोटाशी धरून ओट्यावर बसून राहिली. शेजारच्या चिमणाबाईलाही वाचू दिलं नाही. वाचलं की खरं होईल, असं म्हणत होती.

मी ते तिच्या बोटांतून सोडवलं. जिवंत आहे म्हणून वाचून दाखवलं तर तिला पटेना. भिमाचं अक्षर मी ओळखते, हे त्याचं नाही, मेलेल्या पोराच्या नावाने कुणीतरी माझी समजूत काढतंय, असं तिचं म्हणणं. मलाही आता भीती वाटायला लागली आहे. तूच आहेस ना रे? सविस्तर लिही.

लोभ राहू दे, आधी तू राहा.
यशोदा

मद्रास, १९ नोव्हेंबर

ती. आईस सा. न. व अक्कास जय भीम,

आई, मीच आहे. तू बांधून दिलेल्या बाजरीच्या भाकऱ्यांतल्या दोन मी विमानात शेजारच्यांना दिल्या. सटाण्याचे कांद्याचे व्यापारी, सावळीराम त्यांचं नाव. ठेचा तिखट आहे म्हणाले आणि आणखी मागितला.

विमान दोनदा खाली येऊन वर गेलं. तिसऱ्यांदा वाऱ्याने एका अंगाला कललं आणि पंख जमिनीला घासला. मी भ्यालो, आई, लय भ्यालो. सावळीरामांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

दवाखान्यात खाटा शेजारीशेजारीच होत्या. त्यांची बोली तिथे कुणाला कळेना. मला घरचा पत्ता सांगू लागले. अक्का, रागावू नकोस, नऊ कार्डं बॅगेत राहिली, खिशात एकच होतं. त्याचा कोपरा फाडून पत्ता लिहून घेतला. उजाडायच्या आत ते गेले. त्या कोपऱ्यावरूनच त्यांच्या घरी तार गेली. उरलेलं कार्ड तुम्हांला टाकलं, तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं.

येताना रेल्वेनेच येईन. लेकराला पदरात घ्या.
भिमा

नाशिक, २४ नोव्हेंबर

चि. भिमाजीस जय भीम,

भाकऱ्यांचं ऐकलं आणि आईला पटलं. खूप रडली, मग पोटभर जेवली. हात धुताना म्हणाली, सटाण्याला जायला पाहिजे.

काल पहिल्या एस.टी.ने गेलो. सावळीरामांच्या पत्नी साळूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. विमानात शेजारी बसलेल्याची आई आहे, असं मी सांगितलं; कोण, कुठली, त्यांनी काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, की सावळीरामांनी शेवटी काही खाल्लं होतं का. आईने सांगितलं, हो, माझ्या हातच्या दोन भाकऱ्या. साळूबाईंनी आईचे दोन्ही हात धरले, ते आमची गाडी सुटायची वेळ झाली तरी सोडले नाहीत.

हात जप. वाट बघणाऱ्यांचा लोभ आहेच.
यशोदा