बाई, केक शेजारी गेला

बाई, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. मनातल्या मनात तुमच्याशी बोलणं कधी थांबलं नाही, पण कागद घेऊन बसायची ही पहिलीच वेळ. कारणही तसंच आहे. या नाताळला श्रीरामपुरात, तुमच्याच चर्चच्या आवारात, माझ्या हातचा केक कापला गेला. सगळ्या मंडळींना पुरून उरला आणि तिथून शेजारपाजारच्या घरांतही गेला. त्यात अंडं नव्हतं. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

मी नववीत होते. आई-वडील ऊसतोडीच्या हंगामात मिरजगावाकडून तुमच्या भागात यायचे, म्हणून मला श्रीरामपूरच्या वसतिगृहात ठेवलेलं. आम्हा मुलींना तुम्ही गावाच्या नावानं हाक मारायचात. त्या शनिवारी पाककलेच्या तासाला केक होता. प्रत्येकीपुढं एक वाडगा आणि वाडग्यात एक पांढरं अंडं. सगळ्या मुली टकटक करून फोडायला लागल्या आणि मी हात बांधून उभी. आमच्या घरात आईच्या गळ्यात माळ, वडिलांच्या गळ्यात माळ. उसाच्या फडाजवळ कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांत राहायचो, आजूबाजूला काय काय शिजायचं, पण आमच्या चुलीजवळ अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नाही. तुम्ही माझ्यापाशी आलात. मी म्हटलं, "बाई, आमी माळकरी हाय. म्या न्हाई फोडायची." मुली हसल्या. मला वाटलं, आता वर्गाबाहेर काढणार. तुम्ही वाडगा उचलून बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "नको फोडूस. त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. पण तू हात बांधून उभी राहिलीस, त्याबद्दल बोलणार. तुला जे चालत नाही ते बाजूला ठेव, आणि जे चालतं त्यातून करून दाखव. नुसतं नाही म्हणून माझ्या वर्गात कुणी उभं राहायचं नाही, मिरजगाव." तुमचा आवाज चढलेला नव्हता, तरी माझे कान तापले. आणि मग जाता जाता, जसं काही आत्ताच सुचलं अशा सुरात, तुम्ही म्हणालात, "रविवारी प्रार्थना झाली की माझ्याकडे ये. बघू काय होतंय ते."

तुमचं ते स्वयंपाकघर मला अजून लख्ख दिसतं. हिरव्या रंगाची खिडकी, जाळीचं कपाट, आणि ओट्यावर तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन, झाकणाला मधोमध काच असलेला. तुम्ही मला आधी समजावून सांगता आहात की अंडं केकमध्ये दोन कामं करतं. केक फुगवतं आणि त्याला धरून ठेवतं. "फुगवायला दही आणि सोडा आहेत. धरून कोण ठेवणार, ते आपल्याला शोधायचंय." आपण दोघी काचेवर डोकं टेकवून आत बघत बसायचो. पहिला केक मध्येच असा बसला की त्याची परात झाली. दुसरा छान फुगला, पण सोड्याचा वास असा की तुम्ही म्हणालात, "हा धुण्याला घेऊ." मला रडू आलं होतं आणि हसूही. दूध नासवून पाहिलं, साय घालून पाहिली, पिकलेलं केळं कुस्करून पाहिलं. दही आंबट हवं, सोडा घातला की पीठ फार घोटायचं नाही, आणि गप्पा मारत न बसता लगेच ओव्हनमध्ये सरकवायचं, हे सगळं आपण चुकत चुकत शिकलो. तुम्हाला उत्तरं आधीच माहीत असतील असं मला तेव्हा वाटायचं. आता कळतं, तुम्हीही माझ्याइतक्याच नवशिक्या होतात. रविवारचा तुमचा आराम तुम्ही एका ऊसतोड्याच्या पोरीसाठी मोडत होतात.

एकदा मी विचारलं होतं, "बाई, तुमाला अंडं चालतंय, मंग तुमी कशापायी एवढं करता?" तुम्ही भांडं पुसत होतात. म्हणालात, "दर नाताळला मी शेजारी ताट पाठवते. करंज्या, चकल्या, शंकरपाळे. केक मात्र घरातच राहतो. एका वर्षी पाठवला होता. शेजारच्या काकूंनी हसून घेतला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तो गाईपुढं होता. राग नाही आला गं, त्यांचंही बरोबरच होतं. पण सणाचा केक आहे तो. सगळ्यांत आधी तोच द्यावासा वाटतो." एवढं बोलून तुम्ही मैदा चाळायला घेतलात.

आणि मग आई आली तो दिवस. कुणीतरी कोपीवर जाऊन सांगितलं होतं की तुमच्या पोरीला तिथं अंडी खाऊ घालतात. आई कोयता खाली ठेवून तशीच निघाली. पाचटानं ओरखडलेले हात, डोक्यावर पदर, आणि तुमच्या दारातच तिनं तोंड सोडलं. "बाई, तुमी शिकल्याल्या मान्सं. माज्या पोरीच्या पोटात अंडी घालत्यात का तुमी?" मी भिंतीला चिकटले. तुम्ही म्हणालात, "आत या. बसा. आज केक करायचाच आहे, तुम्ही स्वतःच बघा." "म्या न्हाई शिवायची तुमच्या भांड्याला." "नका शिवू. भांडी तुमच्या हातानं घासून द्या मला, म्हणजे तुमच्या मनात काही राहणार नाही." आईला हे अनपेक्षित होतं. पण ती पदर खोचून बसली आणि राखेनं तुमचा डबा, वाडगा, चमचे सगळं घासून काढलं. आपण केक केला तोवर ती उंबऱ्याशी बसून एकेक जिन्नस बघत होती. "ह्ये काय?" "दही." "आन् ह्ये?" "साखर." केक काढला, तुम्ही एक तुकडा बशीत घालून तिच्यापुढं ठेवलात आणि पाठ फिरवून कपाट आवरायला लागलात, तिला बघणारं कुणी नको म्हणून. आईनं तुकडा हुंगला, मोडला, खाल्ला. मग म्हणाली, "ग्वाड हाय. पर लई भुसभुशीत हाय, बाई. हातात ऱ्हाईना." तुम्ही वळून म्हणालात, "हो ना. तेच तर सुटत नाहीये." त्या दिवसापासून आई तुम्हाला 'आपल्या बाई' म्हणायला लागली.

माझ्या लग्नाला तुम्ही एसटीनं मिरजगावला आलात. तो गोल ओव्हन चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन आला होतात. मी म्हटलं, मग तुम्ही कशात करणार? तुम्ही म्हणालात, "माझं करून झालं. आता तू कर." पुढं मुलगा अंगावर पीत होता तेव्हा निरोप आला की तुम्ही गेलात. मला येता आलं नाही. त्या संध्याकाळी सासरी कोल्हारला मी ओव्हन लावला, केक केला आणि आळीतल्या पोरांना वाटला. तिथूनच सुरुवात झाली म्हणायची. आधी आळीतले वाढदिवस, मग शाळेतले, मग नगर-मनमाड रस्त्याला लागून एक गाळा. आता मोठी भट्टी आहे, चार बायका हाताखाली आहेत. दारावर पाटी आहे, 'आमच्याकडे कशातही अंडं नाही'. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या ती पाटी वाचून थांबतात. माळकरी, मारवाडी, श्रावण पाळणारे, सगळे येतात. आई आता माझ्याकडेच असते आणि दुकानाच्या बाकावर बसून कुणी न विचारताच गिऱ्हाइकांना ग्वाही देते, "बिनघोर खावा. म्या बगितलंय."

आणि यंदा डिसेंबरच्या सुरुवातीला तुमची भाची दुकानात आली. तिच्याबरोबर तुमच्या चर्चच्या महिला मंडळातल्या एक वयस्कर बाई होत्या. भाची म्हणाली, "मावशी दर नाताळला केकबद्दल हळहळायची. आम्ही ठरवलंय, यंदाचा केक असा करायचा की शेजारी देता येईल. मोठा, सुक्यामेव्याचा, नाताळचाच." वयस्कर बाईंना ते पटलेलं नव्हतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. "अंड्याशिवाय नाताळचा केक म्हणजे काय गं? सुरी लावली की भुगा होईल त्याचा. भर मंडळीत शोभा व्हायची." मी म्हटलं, "रविवारी नमुना आणून देते. नाही आवडला तर तुमचा नेहमीचा बेकरीवाला आहेच."

बोलून तर गेले, बाई, पण त्यांचं खरं होतं. माझा साधा केक चांगला होतो. सुक्यामेव्याचा केक वेगळा. काजू, बेदाणे, संत्र्याच्या साली, सगळा जड माल, आणि त्याला धरून ठेवणारं काही नाही. केला, तर सगळे बेदाणे तळाला जाऊन बसले आणि वरचा भाग सुरी लावताच ढासळला. दुसरा केला, तोही तसाच. दोन्ही ट्रे समोर ठेवून मी बसले. नवरा म्हणाला, "नाही म्हणून कळव. त्यात कमीपणा नाही." मला तुमचा तो शनिवार आठवला आणि मी उठले.

आईनं सकाळी जवसाची चटणी वाटली होती आणि मिक्सरच्या भांड्यात पाणी ओतून ठेवलं होतं. मी ते धुवायला घेतलं तर बोटांना बुळबुळीत लागलं. पाणी ओतलं तर त्याची तार सुटली, अगदी वर्गातल्या इतर मुलींच्या वाडग्यात मी अंड्याची पाहिली होती तशी. धरून ठेवणारं हेच, असं मनात आलं. मग जवस न भाजता बारीक दळलं, कोमट पाण्यात भिजवलं, आणि तो बुळबुळीत लगदा पिठात मिसळला. बेदाणे मोसंबीच्या रसात मुरलेले होते. केक निघाला, गार झाला, मी सुरी लावली. काप उभा राहिला, बाई. सरळ, काठ न मोडता. बेदाणे वरपासून खालपर्यंत जागच्या जागी. मी आईला हाक मारली. तिनं काप हातात धरला, उलटा केला, हलवून पाहिला आणि म्हणाली, "ऱ्हायला की गं हातात!"

रविवारी नमुना दिला, मंडळाचा होकार आला, आणि नाताळच्या सकाळी आम्ही टेम्पोतून केक घेऊन आलो. प्रार्थना सुटली, आवारात टेबलं लावली होती. त्या वयस्कर बाईंनी सुरी दुसऱ्या कुणाकडे दिली नाही, स्वतः कापायला उभ्या राहिल्या. चार-पाच काप कापले, थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्या शेजारी जैन कुटुंब आहे. त्यांचं ताट मी आधी भरून घेते, मग वाटायला लागू." मग ताटांची रांगच लागली. करंज्या, चकल्या, आणि सगळ्यांच्या वर केक. तुमची भाची तुमच्या जुन्या घराशेजारी ताट घेऊन गेली तेव्हा मला बरोबर घेऊन गेली. त्या काकूंची सून दारात आली. आतून कुणीतरी विचारलं, "अंड्याचा आहे का?" भाची माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "नाही. ही करते." सुनेनं दारातच तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. पोरं धावत आली, त्यांनाही दिला. ताट रिकामं करून, धुऊन, त्यात साखर घालून परत दिलं. मी त्या दारातून निघाले ती ताठ मानेनं. मला बक्षिसं मिळालीत, पेपरात फोटो आलाय, पण एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता, आणि तो अर्धा तुमचा आहे.

भाची म्हणते, हे लिहिलेलं तुमच्या कबरीपाशी येऊन वाच. मी वाचणार नाही. तिथं आणखीही माणसं असतात, आणि एक गोष्ट त्यांच्यापुढं मला बोलता येणार नाही. गिऱ्हाईक विचारतं, अंड्याच्या केकसारखाच लागतो का? मी बेधडक सांगते, अगदी तसाच. पण बाई, अंड्याचा केक मी आजवर चाखलेलाच नाही. कसा लागतो हो तो?