विसरणारा ब्राउझर

बुधवार, दिवेलागण

रंकाळ्याचं पाणी आजही काठाला लागताना नुसतं दिसलं, ऐकू आलं नाही.

घरी येऊन ब्राउझर बदलला. जुना सर्वज्ञ, सर्वसाक्षी. पाठशाळेत ही विशेषणं आम्ही फक्त ईश्वराला लावायचो. परवा त्यावर चोरून श्रवणयंत्रं पाहिली, तर आज घरच्या एकुलत्या कॉम्प्युटरवर बायको पाककृती शोधत असताना कानात यंत्र घातलेला जाहिरातीतला हसरा म्हातारा मध्येच उगवला. लेक म्हणते, नावं वेगळी असली तरी बहुतेक ब्राउझरांच्या आत एकाच बड्या कंपनीचं इंजिन. मग नुसता अवतार बदलून काय उपयोग? शेवटी एक वेगळा सापडला, बंद केला की सगळं विसरणारा. म्हटलं, आता हिला कळायचं नाही.

तेवढ्यात ही मागे उभी. "तुम्हाला ऐकू येत न्हाय, हे मला त्या म्हाताऱ्यानं सांगाय पायजे व्हय? वर्षभर वरडून घसा बसला की माझा!"

हिचं माहेर कोडोलीचं. मला वाटायचं, हा चढा आवाज तिकडचाच.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवत हुता. म्हटलं, लपवू देत."

लेकीलाही सांगितलं नव्हतं तिनं.

उद्या यंत्र बघायचं, येताना रंकाळ्यावर थांबायचं, असं ठरलं. हे ती हळू बोलली असावी. मी ओठांवरून ओळखलं.