टाकीतलं पाणी आणि सुशीलाबाईंचा डबा

बरकतपुरा, हैदराबाद

तीर्थस्वरूप सुलभामावशीस,

तुला आणि तुझ्या गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार, कारण हल्ली ते तुझं ऐकत नाहीत असं कळलं. आम्ही बरे आहोत. सारंगचं पित्त आणि माझा उत्साह अधूनमधून उसळतात (औषध फक्त पित्तावर मिळतं).

तर गच्चीवरच्या टाकीत आम्ही पाण्याची पातळी सांगणारं यंत्र बसवलं होतं. विकणारी कंपनी बुडाली, मोबाइलवरचं ॲप गेलं, आणि यंत्र बिचारं वायफायवर एकटंच बोलत राहिलं. अशा एकट्या बोलणाऱ्यांबद्दल मला माया वाटते (मीही त्यातलीच). यंत्रांचे निरोप पकडून दाखवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम आहे. जगभरची हौशी माणसं तो मिळून लिहितात. त्यात एकेका यंत्राच्या भाषेसाठी एकेक डीकोडर असतो, म्हणजे दुभाष्याच. आमच्या यंत्राचा दुभाष्या कुणीतरी अर्धवट सोडला होता, तो सुधारायला मी बसले. सारंग म्हणाला, त्यापेक्षा गच्चीवर जाऊन झाकण उघडून बघ. पण झाकण उघडणं हे काही संशोधन नव्हे.

दुभाष्याच्या सांगण्यानुसार तळमजल्यावरचे हिम्मतराव सकाळी झाडांना पाणी घालू लागले की अर्धी टाकी जायची. हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये भिंतीवर आलेख दाखवून सांगितलं. हिम्मतराव चष्मा पुसत राहिले. त्यांच्या सुशीलाबाई एवढंच म्हणाल्या, "चार कुंड्या आहेत गं आमच्या. मुसी नदी नाही भरत आम्ही."

मग कळलं ते असं. यंत्र आकडा दोन तुकड्यांत पाठवतं, लहान तुकडा आधी, मोठा मागून. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी घेतो ना, तसं. दुभाष्या नेमका उलट क्रम धरत होता. त्यामुळे एक बादली गेली तरी अर्धी टाकी गेल्यासारखं दिसे (बादली कुणाचीही असो, मी चहा घेऊन बसायचे तेव्हा समोर हिम्मतराव असायचे, एवढाच त्यांचा गुन्हा). जन्मभर मराठीत पाढे म्हटलेल्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं.

दुरुस्ती पाठवताना काय चुकलं ते एका वाक्यात लिहावं लागतं. "आकडे उलटे वाचले जात होते, मीही तसेच वाचले," असं मी साऱ्या जगाला बेधडक लिहून टाकलं. एक जिना उतरून तेच सांगायला मात्र पाय उचलत नाही. सुशीलाबाईंच्या अंबाडीच्या भाजीवर मी या गावात रुळले, मावशी. आता त्या जिन्यात दिसल्या की पदर सावरून बाजूने निघून जातात.

तुझी,
रसिका

ता. क. दुरुस्ती मंजूर झाली. सारंग म्हणतो, पेढे वाट. कुणाला वाटू?

आणखी एक ता. क. पत्राचं खरं कारण हे, की सुशीलाबाईंचा स्टीलचा डबा माझ्याकडे आहे. तो रिकामा कसा परत करू? तुझ्या खोबऱ्याच्या वड्यांचं प्रमाण कळव. वड्यांच्या आडून माफी मागेन म्हणते.

शेवटचा ता. क. धीर निघाला नाही. अंदाजाने केल्या, जमल्या नाहीत, चमच्याने डब्यात भरून खाली गेले. सुशीलाबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, बोट लावून चाखलं आणि म्हणाल्या, "पाक कच्चा राहिला. हाही उलटा वाचलास का?" डबा अंबाडीची भाजी भरून पुन्हा माझ्याकडेच आला आहे. तेव्हा प्रमाण तेवढं कळवच.